मागच्या गाडीतला माणूस

गुरुवार, १६ मे १९७४. संध्याकाळचे सात. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या एका वाड्यासमोर तुम्ही उभे आहात आणि सवयीने तुमचा हात खिशाकडे गेलाय. तिथे फोन नाही. रुमाल आहे, दहाच्या काही नोटा आहेत, आणि किराणा दुकानाच्या पावतीमागे पेन्सिलीने खरडलेला निरोप आहे: मेहकरच्या अलीकडे सात-आठ किलोमीटर. चेंबर फुटलं, इंजिन जाम. जमलं तर या.

निरोप डॉक्टरचा. हा डॉक्टर शाळेपासूनचा मित्र, पेठेतच दवाखाना, दाराशी सेकंडहँड ॲम्बॅसॅडर मार्क टू. कारंज्याला मावसबहिणीचं लग्न होतं म्हणून गेला होता. मेहकरच्या पोस्टातून त्याने ट्रंक कॉल लावला, अर्जंटचे दुप्पट पैसे भरले, आणि तरी लाइन लागेपर्यंत दुपार झाली. फोन आला तो वाड्याखालच्या दुकानात. दुकानदाराचा तो फोन म्हणजे अर्ध्या आळीचा पीपी नंबर. तुम्हाला वरून हाका मारून बोलावेपर्यंत एक मिनिट गेलं, 'हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का' यात दुसरं गेलं, आणि मुद्द्याचं बोलणं सुरू झालं तोवर ऑपरेटरबाई मध्ये आल्या: तीन मिनिटं झाली, वाढवायचीत का? डॉक्टरने वाढवली नाहीत.

'जमलं तर या' यातल्या 'जमलं तर'चा कुणी विचारसुद्धा केलेला नाही. हडपसरच्या पुढे बागाईत असलेल्या पाटलाला तुम्ही सायकलवरून जाऊन सांगितलं. त्याने विचारलं ते एवढंच: "कधी निघायचं?"

आता काळ समजून घ्या, म्हणजे या प्रश्नाचं वजन कळेल. आठ तारखेपासून देशभर रेल्वेचा संप आहे. जॉर्ज फर्नांडिस तुरुंगात आहेत, लाखो कामगार कामावर नाहीत, जी काही गाडी सुटते ती पोलिसांच्या पहाऱ्यात. लग्नसराईच्या ऐन मोसमात सगळी वऱ्हाडं रस्त्यावर आलीत. डॉक्टरसुद्धा एरवी रेल्वेनेच गेला असता. एसटीच्या टपावर माणसं, मालमोटारीत पोत्यांवर माणसं. आणि पेट्रोल? गेल्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं, जानेवारीपर्यंत कच्चं तेल जवळजवळ चौपट झालं. नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी पेट्रोलच्या भाववाढीचा निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले, त्याचे फोटो अजून लोकांच्या लक्षात आहेत. अशा दिवसांत पाटलाची जीप मेहकरपर्यंत न्यायची आणि एक मेलेली गाडी ओढत परत आणायची. जाऊन-येऊन साडेसातशे किलोमीटर तरी झाले. पेट्रोलचा विषय कुणी काढत नाही. तुम्हीही काढू नका, हसं होईल.

जीपमध्ये काय काय आहे ते बघून घ्या. पेट्रोलचे दोन जेरीकॅन, दोरीने आवळलेले. इंजिन ऑइलचा डबा. पुढच्या बंपरला लटकवलेली छागल. कॅनव्हासमधून पाणी पाझरतं, वाऱ्याने वाळतं आणि आतलं गार राहतं. डॉक्टरच्या बायकोने दिलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी. मागे पाटलाच्या विहिरीवरचा नाडा, चांगला मनगटाएवढा. विजेची मोटार बसली तेव्हापासून मोट बंद आहे आणि नाडा गोठ्यात पडून होता. साखळी आणली असती, पण मिस्त्रींनी ती नको म्हटलं. "साखळी लवत नाही, साहेब. हिसका बसला की एकतर हूक जातो नाहीतर चासी. दोर जरा ताणतो. तुटला तर तुटला, बांधता येतो."

मिस्त्रींचं नाना पेठेत गॅरेज आहे. ते पायाशी एक जुनं चेंबर, पॅकिंगचा कागद आणि पान्यांची पिशवी घेऊन बसलेत. इंजिन जाम झालंय हे त्यांना मान्य नाही. "डॉक्टरसाहेबांनी माणसं तपासावीत," ते म्हणतात. "नुसतं चेंबर फुटलं असेल तर दुपारपर्यंत गाडी चालवत आणू."

एक सूचना देऊन ठेवतो. वाटेत नगर आणि औरंगाबाद लागतील, ही नावं तशीच घ्या. नवी नावं पुढच्या शतकातली आहेत.

रात्रीचा प्रवास पटकन उरकतो. जीपला दारं नाहीत, टप ताडपत्रीचा, त्यामुळे शिरूरपर्यंत अंगात गारवा भरतो आणि मे महिना असूनही तुम्ही रुमाल डोक्याला बांधता. सुपे, नगर. नगरच्या जकात नाक्यावर कंदील घेऊन आलेला कारकून मागे डोकावतो, "माल काय?" दोर बघून त्याला कळतं आणि तो सोडतो. इमामपूरचा घाट उतरला की पुढे सपाटी. प्रवरासंगमला गोदावरीचा पूल लागतो तेव्हा बारा वाजून गेलेले असतात. खाली नदी उन्हाळ्याची, वाळूच जास्त. पैठणला जायकवाडीचं धरण बांधून व्हायला अजून दोन वर्षं आहेत. एकदा ते भरलं की फुगवट्याचं पाणी इथपर्यंत येईल. अमावस्या जवळ आलीय, चांदणं नाही. बैलगाड्यांच्या रांगा भेटतात, गाडीखाली कंदील लोंबतोय, गाडीवान झोपलाय आणि बैल आपले आपण चाललेत. औरंगाबादनंतर रस्त्याच्या सोबतीने मीटरगेजचे रूळ आहेत. जालन्यापर्यंत त्यावर एकही गाडी दिसत नाही.

सिंदखेडराजाला फटफटतं. जिजाऊंचं जन्मस्थान म्हणून पाटील जीप हळू करतो, बसल्या जागेवरून वाड्याच्या दिशेने हात जोडतो आणि पुन्हा वेग घेतो. दुसरबीड, बीबी, सुलतानपूर. उजवीकडे लोणारचा फाटा जातो. गेल्याच वर्षी शास्त्रज्ञांनी तिथलं विवर उल्कापाताचंच असल्याचं 'सायन्स' साप्ताहिकात सिद्ध करून दाखवलंय, पण फाट्यावरच्या चहावाल्याला ते विचारून उपयोग नाही. त्याच्यासाठी ते लवणासुराचं घर आहे आणि चहा तो चांगला करतो.

या पट्ट्यात रस्ता बघा. बाहत्तरच्या दुष्काळात याच्यावर काम झालंय. माणसं, बाया, पोरं उन्हात बसून खडी फोडत होती, दुष्काळी कामाची मजुरी आणि मुलांना सुकडी, घरी रेशनचा लाल मिलो. गेल्या पावसाने दिलासा दिलाय, पण कडेने अजून खडीचे ढीग आहेत. काही ठिकाणी खडी अंथरलीय आणि डांबर आलेलं नाही. असाच एक मुठीएवढा दगड डॉक्टरच्या गाडीच्या पोटाला लागला.

गाडी दिसते ती कडुलिंबाखाली. भोवती रस्त्यावर दगड मांडलेत, मागे बाभळीची फांदी आडवी टाकलीय. गाडी बंद आहे हे सांगायची तेव्हाची हीच रीत. (निघताना ते दगड उचलायचे असतात. नव्वद टक्के लोक उचलत नाहीत आणि रात्री पुढचा त्यावर जातो. तुम्ही उचला.) पण तुम्हाला आश्चर्य वाटतं ते गर्दीचं. वीस-पंचवीस माणसं झाडाखाली बसलीत. बॉनेटवर धोतराचं पान अंथरलंय, त्यावर डॉक्टरची चामडी बॅग उघडी आहे आणि डॉक्टर स्वतः, दोन दिवसांची दाढी, लग्नातला सदरा मळलेला, एका म्हातारीच्या पाठीला स्टेथास्कोप लावून "श्वास घ्या, सोडा" म्हणतोय.

झालं असं की परवा गाडी बंद पडली तेव्हा शेजारच्या शेतातला एक माणूस घागर घेऊन आला. त्याला कळलं डॉक्टर आहे. संध्याकाळी त्याची सून खोकत आली, सकाळी अख्खी वस्ती. गोळ्या कालच संपल्या. आता तो नुसतं तपासतो, चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहितो आणि मेहकरला जायला सांगतो. जेवण दोन्ही वेळचं वस्तीवरून येतंय. तुमच्यासाठीही आलंय, भाकरी, ठेचा, कांदा. पाटील पैसे काढायला लागतो तेव्हा घागरवाला बाबा त्याच्याकडे असा बघतो की हात खिशातच राहतो.

"पैसे कायले, भाऊ? डाक्टरनं आमाले पैसे मांगले का?"

डॉक्टर तुम्हाला बघून पहिलं वाक्य बोलतो ते असं: "आलात? पाच मिनिटं थांबा, तीन पेशंट राहिलेत."

मिस्त्री पेशंट संपायची वाट बघत नाहीत. ते गाडीखाली सरकतात. चेंबरला बोटभर चीर आहे, आतलं ऑइल सांडून मातीत काळा डाग पडलाय, पण डाग लहान आहे. म्हणजे ऑइल इथे सांडलेलं नाही. ते मागे कुठेतरी सांडलं आणि गाडी त्यानंतर चालली. मिस्त्री बाहेर येऊन हँडल लावतात. ॲम्बॅसॅडरला पुढून हँडल मारता येतं. हँडल फिरत नाही. ते प्लग काढतात, चारही सिलिंडरात थोडंथोडं ऑइल सोडतात, बिडी ओढतात, अर्ध्या तासाने पुन्हा हँडलला लटकतात. पाव फेरा फिरतं आणि आतून असा आवाज येतो की झाडाखालची पोरंही गप्प होतात.

"डॉक्टरसाहेब, ऑइलचा लाल दिवा लागला होता?"

"लागला होता."

"मग?"

"म्हटलं मेहकरच्या पुढे सुलतानपूर आहे, तिथे बघू."

मिस्त्री यावर काही म्हणत नाहीत. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग उडालंय, क्रँकला चरे पडले असणार, इंजिन उतरवल्याशिवाय इलाज नाही. आणलेलं चेंबर पुन्हा पिशवीत जातं.

आता खरं सांगायचं तर गाडी पुण्यापर्यंत ओढत न्यायची काही गरज नव्हती. औरंगाबादला मिस्त्री होते, जालन्यालाही होते, क्रँक घासून देणारे होते. बेअरिंगं मुंबईहून मागवावी लागली असती आणि रेल्वे बंद, पार्सल अडकलं असतं, हे खरं. पण ते पुण्यातही अडकणारच होतं. डॉक्टरला मात्र गाडी अनोळखी माणसाच्या हाती द्यायची नव्हती, मिस्त्रींना आपलं इंजिन दुसऱ्याने उघडलेलं चालणार नव्हतं, आणि पाटलाने नाडा आणलाच होता. टोचन करायचं ठरायला या तीन गोष्टी पुरल्या. दुपारच्या उन्हात जीपच पेट्रोल उडून बंद पडेल, म्हणून निघायचं चार वाजल्यानंतर.

आणि आता ज्यासाठी तुम्हाला इथे आणलं ते. जीप पाटील चालवणार, शेजारी मिस्त्री. ॲम्बॅसॅडरच्या स्टीअरिंगवर आधी डॉक्टर बसतो, तुम्ही शेजारी. सिंदखेडराजा यायच्या आत डॉक्टरचं डोकं दोनदा पुढे झुकतं. तो दोन रात्री झोपलेला नाही. पाटील जीप थांबवतो, येऊन खिडकीतून बघतो आणि तुम्हाला म्हणतो, "तू बस रे." डॉक्टर मागच्या सीटवर लवंडतो आणि जालना येईपर्यंत त्याला काही कळत नाही.

तुम्ही बसता. बंद इंजिनाच्या गाडीत बसून चाळीस किलोमीटर जाणं सोपं असेल, असं तुम्हाला वाटतं. ओढणारा ओढतोय, आपण फक्त स्टीअरिंग धरायचं.

नाडा जीपच्या मागच्या हुकातून घेऊन ॲम्बॅसॅडरच्या पुढच्या चासीला बांधलाय. बंपरला नाही, बंपर उपटून येतो. मध्ये पंधरा फूट अंतर आणि दोराच्या मधोमध लाल फडकं, नाहीतर एखादा सायकलवाला दोन गाड्यांच्या मधून घुसतो. गिअरचा दांडा स्टीअरिंगखाली, तो न्यूट्रलला आहे याची मिस्त्रींनी स्वतः येऊन खात्री केलीय. चुकून गिअर पडला तर जाम इंजिन मागची चाकं तिथल्या तिथे धरेल. खुणा ठरल्यात: एक हॉर्न, हळू, दोन हॉर्न, थांब. हॉर्न आणि पार्किंग लाइटं बॅटरीवर, आणि बॅटरी चार्ज व्हायची नाही कारण डायनॅमो फिरत नाही. म्हणून वाटेत जीपची आणि गाडीची बॅटरी अदलाबदल करायची. जीप धावता धावता उतरलेली बॅटरी भरून देईल. ही युक्ती मिस्त्रींची आणि ती चालते.

जीप सुटते, नाडा जमिनीवरून उठतो, ताठ होतो, त्यातून धूळ उडते आणि गाडी हलते. कसला आवाज नाही. टायरखाली खडी करकरते तेवढीच. पहिल्या पाच मिनिटांत तुम्हाला कळतं की तुम्हाला रस्ता दिसत नाही. समोर जीपचं ढुंगण, डावीकडे एक पट्टा, उजवीकडे एक पट्टा, आणि धूर सगळा तुमच्या तोंडावर. खड्डा जीपच्या पोटाखालून थेट तुमच्या चाकापुढे येतो. ताशी तीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला आठ मीटरच्या वर. जीपचं मागचं चाक ज्या खड्ड्यात आपटतं, त्यात तुमचं पुढचं चाक जायला एक सेकंदसुद्धा लागत नाही. म्हणून रस्त्याकडे बघायचं सोडून द्या. जीपच्या मागच्या डाव्या चाकाकडे बघा. ते उडालं की त्याच क्षणी स्टीअरिंग तसूभर फिरवायचं.

आणि नाड्याकडे बघा. सगळं काम तिथे आहे. चढावर काही करावं लागत नाही, नाडा आपोआप ताठ राहतो. सपाटीवर पाटलाने बैलगाडीसाठी वेग कमी केला की तुमची गाडी तशीच पुढे सरकत राहते, नाडा सैल पडतो, जमिनीला टेकतो, आणि पुन्हा जीपने वेग घेतला की हिसका. तीन हिसके म्हणजे एक तुटलेला नाडा. तो सैल पडायच्या आत तुम्ही ब्रेकवर नुसतं पाऊल ठेवायचं असतं, दाबायचं नाही. उतारावर तर दोन्ही गाड्यांचं ओझं तुमच्याच पायावर: पाटील ब्रेक मारत नाही, तो गिअरवर उतरतो, आणि मागून तुम्ही दोन्ही गाड्या धरून ठेवता. मार्क टूच्या ब्रेकला इंजिनाची मदत नसते, म्हणून बंद गाडीतही तो लागतो. पण चारही चाकांना ड्रम आहेत, लांब उतारावर ते तापतात, लायनरचा वास येतो आणि पाय खाली खाली जायला लागतो. तेव्हा दोन हॉर्न. थांबायचं, चाकं निवू द्यायची. ड्रमवर पाणी ओतू नका. तापलेलं बिड तडकतं.

जालन्याच्या अलीकडे पहिल्यांदा नाडा तुटतो. चूक पाटलाची, समोर लग्नाचा ट्रक आडवा आला आणि त्याने ब्रेक मारून लगेच सोडला. मिस्त्री उतरतात, दोन्ही टोकं जुळवून गाठ मारतात. गाठीत दोन फूट दोर जातो. औरंगाबादच्या आधी, बदनापूरजवळ, पुन्हा. आणखी दोन फूट. गाठ मारताना कुणी याचा विचार करत नाही, पण तुम्हाला दिसतंय: जीप जवळ येत चाललीय. सुरुवातीला नंबरप्लेट दिसत होती, आता नंबरप्लेटवरचा चिखल दिसतोय. चाक उडालेलं बघून स्टीअरिंग फिरवायला जो अर्ध्या-पाऊण सेकंदाचा वेळ होता, तो प्रत्येक गाठीबरोबर कमी होतोय.

औरंगाबादला रात्री अकराला चहा. डॉक्टर आता जागा आहे, तो म्हणतो, मी बसतो. तुम्ही नको म्हणता. का, ते तुम्हाला नीट सांगता येत नाही. पायाला एक सवय लागलीय आणि ती दुसऱ्याच्या हवाली करायला जीव होत नाही. पाटील बशीत चहा ओतता ओतता म्हणतो, "आता मला मागे बघावं लागत नाही." पाटलाच्या तोंडून एवढं म्हणजे शाल-श्रीफळ झालं.

गोदावरीनंतर नेवासे फाट्यापर्यंत तिसरी गाठ. या टप्प्यात डॉक्टर तुमच्या शेजारी बसून बोलत राहतो, तुम्हाला झोप लागू नये म्हणून. लग्नात मानपानावरून काय झालं, मावशीचे व्याही कसे रुसले, वस्तीवरच्या म्हातारीच्या फुप्फुसात त्याला काय ऐकू आलं आणि ते त्याला अजिबात आवडलेलं नाही. तिला क्षय असावा. मेहकरला सरकारी दवाखान्यात जायला सांगितलंय, जाणार नाही. "बैल मोकळा असला तर गाडी, गाडी असली तर वेळ," तो म्हणतो. "आपण रात्रभर एक इंजिन ओढतोय." मग गप्प बसतो. तुम्हीही काही बोलत नाही, कारण समोर जीपचं चाक उडालंय.

इमामपूरचा घाट आता चढायचा आहे. चढ सोपा, असं मघाशी म्हटलं ते तुमच्यासाठी. जीपचा जीव जातो. पहिल्या गिअरमध्ये, रेडिएटरची वाफ निघेपर्यंत. वर पोहोचल्यावर पाटील छागलीतलं उरलेलं पाणी रेडिएटरला देतो आणि स्वतः तहानलेला राहतो. रेडिएटर बारीक पाझरतोय म्हणून मिस्त्री त्यात मूठभर हळद टाकतात. हळद कुठून आली? डॉक्टरला लग्नात मिळालेल्या पुडीतली. तोवर उजाडतं.

नगरात, शनिवारी सकाळी, तुम्ही एका हॉटेलासमोर थांबता. रेडिओभोवती माणसं उभी आहेत आणि चहा द्यायला कुणी येत नाही. राजस्थानात भारताने जमिनीखाली अणुस्फोट केलाय, शांततेच्या कामासाठी, सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी. कुणी टाळी देतंय, कुणी विचारतंय पाकिस्तान काय म्हणालं. एक म्हातारबुवा मात्र हॉटेलवाल्याला विचारतात, मग आता रेल्वे सुरू होणार का? पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे: संप मोडीत निघेल, सत्तावीस तारखेला मागे घेतला जाईल, पुढच्या वर्षी आणीबाणी. बोलू नका. मिस्त्री कान देऊन ऐकतात आणि म्हणतात, "खालनं एवढं उडवलं तर वरची जमीन खचत असंल की हो." त्या दिवशी नगरात झालेल्या चर्चांमधला हा सर्वांत नेमका प्रश्न होता, पोखरणला जमीन खरंच खचून मोठा खड्डा पडला होता.

नगर ते पुणे एकशेवीस किलोमीटर, ऊन चढलेलं, आणि नाडा आता दहा फुटांच्या आत. सुप्याच्या पुढे चौथ्यांदा तुटतो तेव्हा गाठ मारून उरतो तो इतका आखूड, की पाटील वळून बोलला तर तुम्हाला ऐकू येतं. वीसच्या वर वेग घ्यायचा नाही, असं ठरतं. एक वेळ अशी येते की शिक्रापूरजवळ एक शेळी मधूनच पळते, पाटील ब्रेक मारतो आणि तुमचं पाऊल त्याच्या आधी खाली गेलेलं असतं. शेळी तुम्हाला दिसलेली नाही. पाटलाचा खांदा उचललेला दिसला. गाडी जीपच्या मागे वीतभर अंतरावर थांबते. पाटील उतरून ते अंतर बघतो, वीत लावून मोजतो, आणि पुन्हा जाऊन बसतो.

येरवड्याचा पूल ओलांडून नाना पेठेत शिरता तेव्हा चार वाजलेत. गल्ली अरुंद, तिथे टोचन वळत नाही; नाडा सोडून चौघांनी गाडी ढकलत गॅरेजात घातली. मिस्त्री हात धुण्याच्या आधी चेंबर उतरवतात आणि आत बोट फिरवून बाहेर काढतात. ऑइलच्या काळ्या थरात चकचकीत भुगा आहे. क्रँक घासावा लागणार, बेअरिंगं मुंबईहून, पार्सल संप मिटल्यावर.

"म्हणजे कधी, मिस्त्री?"

"जून धरा."

डॉक्टर मान डोलावतो. त्याच्या दवाखान्यात तीन दिवसांचे पेशंट साठलेत, व्हिजिटा राहिल्यात, आणि जूनपर्यंत त्याच्याकडे सायकल आहे. तो पाकीट काढतो.

"पेट्रोलचं सांग, पाटील."

"पेट्रोलचं नंतर. आमच्या म्हातारीचा गुडघा सुजलाय, तो आधी बघ."

"उद्या सकाळी येतो."

"कशावर येतोस? हडपसरच्या पुढे सायकल मारत?"

डॉक्टर गाडीकडे बघतो, जीपकडे बघतो.

"मग तूच ये न्यायला. आठला ये, उशीर करू नकोस. दहाला मला दवाखाना आहे."